पडद्यावरचा येशू आणि आपली मते



नाताळ किंवा पवित्र आठवडा जवळ आला, की प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपटांची आणि मालिकांची चर्चा आपल्या घराघरांत सुरू होते. पूर्वी ती टीव्हीसमोर बसून होत असे, आता मोबाईल हातात धरून होते, एवढाच फरक. कोणी म्हणते, “फार सुंदर दाखवलंय, बघताना डोळ्यांत पाणी आलं.” कोणी म्हणते, “बायबलमध्ये असं कुठं लिहिलंय? सगळं मनानं रचलेलं.” धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले विचारतात, “बाळ येशू खरंच असे चमत्कार करायचा का?” आणि शेजारपाजारचे लोक विचारतात, “तुमच्या धर्मात हे असंच सांगितलंय का हो?”

ही मते क्षुल्लक समजून सोडून द्यावीत अशी नाहीत. मालिकेबद्दल बोलताना माणूस आपल्या मनातल्या येशूबद्दलच बोलत असतो. म्हणून आजच्या अभ्यासलेखात आपण ही मते एकेक करून पाहू, आणि शुभवर्तमानाच्या कसोटीवर ती कितपत टिकतात हे तपासू.

थोडा इतिहास

येशूचे जीवन पडद्यावर पाहणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांना श्रीकृष्ण आणि श्रीराम दिसू लागले. आपल्या देवादिकांच्या कथा अशा पडद्यावर कधी येतील, या विचाराने त्यांना झपाटले. त्यातूनच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या उगमाशी एक मराठी प्रेक्षक आणि पडद्यावरचा येशू उभे आहेत.

१९७८ मध्ये ‘करुणामयुडु’ हा तेलुगू चित्रपट आला. विजयचंदर यांनी त्यात येशूची भूमिका केली. ‘दयासागर’ या नावाने तो हिंदीत आला आणि प्रोजेक्टर व पडदा घेऊन फिरणाऱ्या मंडळींनी तो खेड्यापाड्यांत दाखवला. आपला उमरी परिसर तेलंगणाच्या सीमेजवळचा. तेलुगू बोलणारे सोयरे आपल्यापैकी अनेकांना आहेत, त्यामुळे हे नाव आपल्याला परके नाही.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि लोक टीव्हीला हार घालीत, हे ज्येष्ठांना आठवत असेल. त्यानंतर १९९२ च्या डिसेंबरात केरळच्या नवोदय संस्थेने तयार केलेली ‘बायबल की कहानियाँ’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर आली आणि जुन्या करारातील कथा पहिल्यांदाच देशभर घरोघरी पोहोचल्या.

२०२० हे वर्ष आपण विसरू शकत नाही. महामारीमुळे महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे कित्येक महिने बंद होती. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, अँड टीव्ही या वाहिनीवर ‘येशू’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तिने येशूचे बालपण आणि माता मरियेशी असलेले त्याचे नाते हा मुख्य विषय निवडला. दयाळू बालक एका बाजूला आणि दुष्ट शक्ती दुसऱ्या बाजूला, असा तिचा मांड होता. आज लेखात जी मते आपण पाहणार आहोत, त्यांतली बरीचशी अशाच मालिकांमुळे ऐकू येतात.

पहिले मत : “बायबलमध्ये असे नाही, म्हणून हे खोटे”

हे मत मांडणारा माणूस पवित्र शास्त्राची काळजी करतो, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. पण आधी एक साधा हिशेब करून पाहू. येशूच्या जन्माची हकिकत संत मत्तय आणि संत लूक हे दोघेच सांगतात. इजिप्तहून नाझरेथला परत आल्यानंतरच्या बालपणातला एकच प्रसंग आपल्याला मिळतो : बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो आणि आईवडील त्याला शोधीत परत येतात (लूक २:४१-५२). सगळी मिळून बारा ओव्या नव्हेत, बारा वचने! त्यानंतर साधारण तीस वर्षांचा होईपर्यंत (लूक ३:२३) शुभवर्तमान गप्प आहे. आठवड्यातून पाच दिवस चालणारी मालिका बारा वचनांवर किती दिवस उभी राहणार? लेखकाला प्रसंग रचावेच लागतात.

आता आपल्या स्वतःच्या गव्हाणीकडे पाहू. दरवर्षी आपण बाळ येशूजवळ बैल आणि गाढव ठेवतो; लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख आहे, या जनावरांचा नाही. आपण तीन राजे उभे करतो. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि ते तीन होते असेही सांगत नाही. शिवाय त्याच्या वृत्तान्तात ते एका घरात येऊन बाळाला भेटतात (मत्तय २:११). संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्यो गावी गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा ख्रिस्तसभेत रुजत गेली. पवित्र मरियेच्या आईवडिलांची नावे, योआकिम आणि आन्ना, हीसुद्धा बायबलमध्ये नाहीत. ती दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातून आली आहेत, आणि तरीही २६ जुलैला आपण त्यांचा सण साजरा करतो.

मराठीपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ डोळ्यांसमोर येते. इंग्लंडहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने बायबलमधील तारणाची कथा मराठी ओवीत बांधली आणि १६१६ साली गोव्यात राचोल येथे ती छापली गेली. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपली कथा आपल्याच छंदात मिळाली.

तेव्हा ‘बायबलमध्ये शब्दशः नाही’ एवढ्यावरून एखादी गोष्ट टाकाऊ ठरत नाही. संत योहान स्वतःच सांगतो, की येशूने केलेली पुष्कळ कृत्ये त्याच्या पुस्तकात लिहिलेली नाहीत. जे लिहिले ते आपण विश्वास ठेवावा म्हणून लिहिले (योहान २०:३०-३१). खरा प्रश्न असा, की जे नव्याने घातले ते शुभवर्तमानातल्या येशूशी जुळते की त्याच्या उलट जाते?

दुसरे मत : “बाळ येशूचे चमत्कार पाहून श्रद्धा वाढली”

येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. बाळ येशूला चमत्कार करताना पाहण्याची हौस फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात ‘थोमाचे बालपणाचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखला जाणारा एक ग्रंथ तयार झाला. त्यात पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी चिखलाच्या बारा चिमण्या करतो, टाळी वाजवतो आणि त्या उडून जातात. मातीच्या पक्ष्याची ही गोष्ट कुराणातही आहे, त्यामुळे आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांनाही ती माहीत असते. इथपर्यंत ती गोड वाटते. पण त्याच ग्रंथात येशूला धक्का लागला म्हणून तो एका मुलाला शाप देतो आणि तो मुलगा मरतो! ख्रिस्तसभेने हा ग्रंथ नव्या करारात घेतला नाही. शक्ती आहे पण प्रीती नाही, असा तो येशू आपला नव्हे.

आजच्या मालिकेतला बालक शाप देत नाही, तो दयाळू आहे, हे चांगलेच. तरीही पडद्यावर बालपणीच चमत्कार आले, की दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण शास्त्राची. गालीलातील काना गावी लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस झाला, ते येशूच्या चिन्हांपैकी पहिले होते असे संत योहान स्पष्ट सांगतो (योहान २:११). त्याहून बोलका प्रसंग संत मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. येशू आपल्या गावी नाझरेथला येतो, सभास्थानात शिकवतो, आणि गावकरी चकित होतात. याला हे ज्ञान कुठून आले, याच्या हातून अशी कृत्ये कशी होतात, हा तर सुतार, मरियेचा मुलगा, असे ते आपसांत बोलतात (मार्क ६:१-६). लहानपणापासून त्यांच्याच गल्लीत तो रोज चमत्कार करत असता, तर त्यांना आश्चर्य वाटण्याचे कारणच काय होते? त्यांचे आश्चर्य हाच पुरावा आहे, की तीस वर्षे त्यांच्यात वावरणारा येशू त्यांना चारचौघांसारखाच दिसला.

दुसरी अडचण आपल्या जगण्याची, आणि ती जास्त मोलाची आहे. येशूच्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग रंधा आणि करवत हाती धरून गेला. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. सकाळी उठणे, लाकूड तासणे, आईवडिलांचे ऐकणे, शब्बाथाला सभास्थानात जाणे, एवढेच. देवाच्या पुत्राने हे तीस वर्षे केले, म्हणून आपल्या कापूस वेचण्याला, हमालीला, रेल्वेरुळावरच्या कामाला, चुलीपुढच्या धुराला देवापुढे किंमत आली. ही तीस वर्षे चमत्कारांनी भरून टाकली, तर पडद्यावर येशू मोठा होतो खरा, पण तो आपल्यातला राहत नाही. मग मजुरीला जाणाऱ्या आपल्या बहिणीला वाटू लागते, की देव भेटतो तो विलक्षण प्रसंगांतच. खुरपणीच्या पाळीत त्याचे काय काम? मालिकेतले हे नुकसान सहज दिसत नाही, म्हणून ते आम्ही मुद्दाम दाखवीत आहोत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेऊ. चमत्कार करून दाखव, असा आग्रह शुभवर्तमानात कोण धरतो? अरण्यात सैतान धरतो : धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी घे (मत्तय ४:१-७). राजा हेरोदालाही येशूला पाहून फार आनंद झाला होता, कारण एखादा चमत्कार पाहायला मिळेल अशी त्याला आशा होती. येशूने त्याला एका शब्दानेही उत्तर दिले नाही (लूक २३:८-९). येशूने चमत्कार केले ते आजारी, भुकेल्या, रडणाऱ्या माणसांसाठी केले. हौशी प्रेक्षकासाठी एकही केला नाही.

तिसरे मत : “आमचा येशू असा दिसत नाही”

कोणाला नटाचा रंग खटकतो, कोणाला केस, कोणाला वेशभूषा. पण येशू दिसायला कसा होता याबद्दल चारही शुभवर्तमानांत एक अक्षर नाही. आपल्या घरच्या कॅलेंडरवरचा सोनेरी झाक असलेला चेहरा बराचसा पाश्चात्त्य चित्रकारांचा आहे. वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० साली काढलेले चित्र तर जगभर अगणित प्रतींत छापले गेले. तेव्हा ‘आमचा येशू असा नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्या भिंतीवरचा येशू असा नाही’ एवढाच असतो.

मुळात देवाचे रूप दाखवावे का, हाही प्रश्न आहे. ‘बायबल की कहानियाँ’ मालिकेला काश्मीरमधून विरोध झाला, कारण नोहा आणि अब्राहाम यांना मुस्लिम बांधव पैगंबर मानतात आणि पैगंबरांचे चित्रण त्यांना वर्ज्य आहे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सचखंड श्री हुजूर साहिब आहे. गुरूंची भूमिका एखाद्या नटाने करणे शीख परंपरेला मान्य नाही. हे शेजारी चुकीचे आहेत असे आपण म्हणू नये. पवित्र गोष्ट हलकी होऊ नये, ही त्यांची काळजी आपल्यालाही शिकवण देणारी आहे.

आपली परंपरा वेगळी आहे आणि तिचे कारण विश्वासाचे आहे. सातशे सत्त्याऐंशी साली, म्हणजे इ. स. ७८७ मध्ये, निकेया येथील दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा मान राखण्यास मान्यता दिली. देव खरोखर मनुष्य झाला, त्याला चेहरा होता, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, म्हणून त्याची प्रतिमा करता येते. मात्र प्रतिमेला दिलेला मान तिच्यात दाखवलेल्या व्यक्तीकडे जातो, हेही परिषदेने सांगितले. प्रतिमा ही वाट आहे, मुक्काम नव्हे. प्रार्थना करताना डोळ्यांपुढे नटाचाच चेहरा येऊ लागला, तर घाबरू नये. पण शुभवर्तमान उघडून पुन्हा वाचावे, म्हणजे ती वाट पुढे सरकते.

चौथे मत : न पाहता दिलेले मत

१९७७ साली फ्रँको झेफिरेल्ली यांची ‘जीझस ऑफ नाझरेथ’ ही मालिका टीव्हीवर आली. आपण येशूला सामान्य माणूस म्हणून दाखवत आहोत, असे झेफिरेल्ली यांनी प्रक्षेपणापूर्वी म्हटले होते. तेवढ्यावरून अमेरिकेत मोठा निषेध सुरू झाला, आणि जनरल मोटर्स कंपनीने प्रायोजकत्व सोडले. निषेध करणाऱ्यांच्या पुढाऱ्यांनी मालिका पाहिलेलीच नव्हती. प्रत्यक्षात ती आली तेव्हा लाखो कुटुंबांनी भक्तिभावाने पाहिली, आणि पोप सहावे पॉल यांनीही त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी तिची शिफारस केली.

आपल्याकडेही मोबाईलवर संदेश येतो : ‘अमुक मालिकेत येशूचा अपमान, दहा जणांना पाठवा.’ तो पाठवण्यापूर्वी स्वतः पाहिले आहे का, एवढे तरी विचारावे. न पाहता दुसऱ्याच्या कामाला बोल लावणे हे खोट्या साक्षीच्या जवळ जाते.

पाहण्यापूर्वी तीन प्रश्न

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांवर एक आदेशपत्र काढले. त्यात निर्मात्यांबरोबर प्रेक्षकांचीही जबाबदारी सांगितली आहे : समजून उमजून निवड करावी, आणि मुले काय पाहतात याकडे आईवडिलांनी लक्ष द्यावे. त्याला धरून आम्ही तीन प्रश्न सुचवतो.

१. काय घातले आहे? ‘द चोझन’ या अमेरिकन मालिकेत पेत्राच्या पत्नीला नाव दिले आहे. बायबलमध्ये ते नाव नाही. पण पेत्राची सासू आजारी होती (मार्क १:३०), म्हणजे पत्नी असणारच. अशी भर मजकुराला धरून आहे. पण जी भर येशूचा स्वभावच बदलते, ती नाकारावी.

२. काय गाळले आहे? येशू प्रेमळ दाखवला, पण पश्चात्तापाची हाक नाही, क्रूस उचलण्याचे बोलावणे नाही, श्रीमंतांना दिलेला इशारा नाही, असे तर नाही ना?

३. कोणाविषयी द्वेष वाढतो? येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग पाहून यहुदी लोकांविषयी राग उत्पन्न झाला, असे इतिहासात अनेकदा घडले आहे. त्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे ख्रिस्तसभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्ट केले आहे. येशू, मरिया आणि प्रेषित हे सारे यहुदीच होते. तसेच मरिया माग्दालिया ही वेश्या होती असे अनेक चित्रपट दाखवतात. शुभवर्तमान तसे कोठेही म्हणत नाही. एका स्त्रीवर शतकानुशतके लागलेला हा डाग आपण तरी पुढे नेऊ नये.

शेवटी नाझरेथच्या लोकांकडे पुन्हा पाहू. त्यांच्याइतके येशूला कोणी पाहिले नव्हते. तरीही त्यांचे मत ठरलेले होते : “हा तर सुताराचा पोर, याचे घर आम्हाला माहीत आहे.” आपल्या गावातही माणसाचे मोल असेच ठरते. हा कोणाचा, कोणत्या गल्लीतला, बाप काय काम करायचा, एवढे कळले की त्याच्याबद्दलचे मत पक्के होते. आपल्यापैकी कित्येकांनी हे बोल ऐकले आहेत, आणि कधी कधी दुसऱ्याला ऐकवलेही आहेत. येशूने तो अपमान सोसला. त्यांच्या अविश्वासामुळे तेथे त्याला फारसे काही करता आले नाही. थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केले, एवढेच.

मालिकेतला येशू चांगला वाटला की नाही, हे मत आपण अवश्य द्यावे. पण उद्या सकाळी दारावर येणाऱ्या, कामाच्या कपड्यांतल्या, नाव-गाव विचारून बाजूला सारल्या जाणाऱ्या माणसाबद्दल आपले मत काय आहे, हेही प्रभू आपल्याला विचारणार आहे.

घरी एकत्र बसून करण्यासाठी

• लूक २:४१-५२ आणि मार्क ६:१-६ हे दोन उतारे मोठ्याने वाचा.
• पाहिलेल्या मालिकेतील एक प्रसंग निवडा. तो शुभवर्तमानात आहे का, नसल्यास त्याच्याशी जुळतो का, ते मुलांना शोधू द्या.
• आपल्या रोजच्या कामातील कोणते काम येशूने नाझरेथमध्ये केले असेल? ते काम करताना या आठवड्यात एक छोटी प्रार्थना म्हणा.
• बिगरख्रिस्ती शेजाऱ्याने मालिकेबद्दल काही विचारले, तर त्याला काय सांगाल? शक्य झाल्यास त्याला लूकचे शुभवर्तमान वाचायला द्या.

नाझरेथच्या घरात वाढलेला प्रभू आपल्या घरांना आशीर्वाद देवो.